पालथी ओळ

आप्पा,

क्रोशाचा दाण्याचा टाका शिकवायचा दिवस आला की माझं डोकं सकाळपासून फिरलेलं असतं. मुलींना शिवण-विणकाम शिकवायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली, त्यातली निम्म्याहून जास्त इथं निपाणीत, आणि अजून दरवर्षी तेच. साखळी मुली एका दिवसात शिकतात. खांब आठवड्यात बसतो. मग दाणा येतो आणि चांगल्या चालत्या वर्गाचा विचका होतो. सांगायला टाका एवढाच आहे: एकाच घरात पाच खांब घालायचे, पाचवा झाला की सुईवरचा फास सोडून द्यायचा, मोकळी सुई पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची, सोडलेला फास पकडायचा आणि त्या डोक्यातनं ओढून बाहेर काढायचा. पाची खांब एकत्र आवळतात आणि विणीवर हरभऱ्याएवढा दाणा टच्च उभा राहतो. हे झालं जातानाच्या ओळीचं. परतीच्या ओळीत कापडाची पाठ आपल्याकडं असते, तेव्हा सुई पुढनं नाही, मागनं घालायची. तेवढं विसरलं की दाणा पलीकडं न येता आपल्याच बाजूला उगवतो. मग सुलट बाजूनं बघाल तर एक ओळ दाण्यांची, एक ओळ खड्ड्यांची. चाळीस मुलींतल्या पस्तीस विसरतात. मी ओरडते. त्या रडतात. मी उसवायला लावते.

यंदा तर दोराही नाही. लढाई संपली म्हणतात, पण पेठेत विणायचा दोरा मागितला की दुकानदार नुसता हसतो. मुली तंबाखूच्या बोदांची, म्हणजे गाठोड्यांची, सुतळी उसवून, पिळून आणतात आणि त्यावर गिरवतात. वर्गभर तंबाखूचा वास, एकीला शिंक आली की ओळीनं सगळ्या शिंकतात. सुतळीचा दाणा कसला, चिंचोक्यासारखा वेडावाकडा. तरी मी उसवायला लावते. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘लई करडी झालीस गं.’ झाले आहे. मी काही आज झालेले नाही, तेव्हाही होते, आणि तेव्हाचंच आज लिहायला बसले आहे.

तुमचे डोळे एका दिवसात गेले नाहीत. शहापुरात आपल्या गल्लीत सगळीच घरं मागवाल्यांची, त्यामुळं कुणाच्या लुगड्याचा काठ कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक. तुमच्या काठाला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. मग एकदा व्यापाऱ्यानं लुगडं परत पाठवलं, काठात चार बोटं लांबीत एक धागा सुटला होता. तुम्ही मागाच्या खड्ड्यातनं वर आलात, लुगडं दारात उजेडात धरलंत, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलंत आणि म्हणालात, “कुठं हाय?” आईनं तुमचं बोट धरून त्या जागी टेकवलं. तुम्ही नखानं दोनदा चाचपलंत. “व्हय की. हाय,” म्हणालात. त्या वेळी मला वाटलं नुसती उजेडाची अडचण असेल. पुढच्या पावसाळ्यात दुसरं लुगडं आलं, मग तिसरं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळ्यांत औषध घालून बघितलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. आता जे गेलं ते परत यायचं नाही, म्हणाला, आणि जे राहिलंय तेही जाईल.

त्यानंतर मागावर काका बसले. तुम्ही बाहेर कट्ट्यावर. आत धोटा धावायला लागला की तुमचे पाय कट्ट्यावर खालीवर हलायचे, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. काकांचा हात मध्येच थांबला की तुमचेही पाय थांबायचे आणि तुम्ही तोंड दाराकडं करून विचारायचात, “तुटला काय रं?” काकांना ते आवडायचं नाही. मी तेरा वर्षांची होते, आणि मलाही आवडायचं नाही. शाळेतनं येताना लांबनंच तुमचे ते रिकामे हलणारे पाय दिसले की मला मान खाली घालून बोळातनं पळत घरात शिरावंसं वाटायचं.

त्याच वर्षी आमच्या शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की धारवाडला शिवणकाम शिकवणाऱ्या बायका तयार करायचा वर्ग आहे, राहायची जेवायची सोय आहे, आणि आपल्या शाळेतनं एक मुलगी घेणार आहेत. तपासनीस बाई येतील, त्यांना काम दाखवायचं. ज्या मुलीचं काम पसंत पडेल ती जाईल. बाईंनी मला क्रोशाची सुई दिली, पांढऱ्या विलायती दोऱ्याच्या चार गुंड्या दिल्या, आणि टेबलावर घालायचा चौकोनी रुमाल करायला सांगितला. सगळा दाण्याचा. एका ओळीत एकतीस दाणे, आणि अशा ओळी चौकोन होईपर्यंत. “साखळ्या नि खांब कुणीही करेल,” बाई म्हणाल्या. “दाणा करणारी मुलगी मला दाखवायची आहे.”

तुम्हाला ठाऊक आहे माझ्यापुढं दुसरं काय होतं. कांग्राळीकडचं स्थळ आईनं विचारून ठेवलं होतं. शेतीवाडी चांगली, माणसं चांगली. मला ते नको होतं, एवढंच. का नको ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. धारवाड मी पाहिलंही नव्हतं, पण मला तिथं जायचं होतं.

आणि मला तो टाका येत नव्हता. पहिला आठवडा मी नुसती उसवत होते. फास सोडला की सैल व्हायचा, ओढला की दाणा चपटा, आवळला की पुढचं घर बुजायचं. बाईंनी माझं काम हातात घ्यायचं, उलटंसुलटं करायचं आणि दोऱ्याचं टोक ओढायचं. सर्र करून दोन दिवसांचं काम त्यांच्या मांडीवर कुरळं होऊन पडायचं.

मी स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून विणत होते आणि स्वतःशीच चडफडत होते, तेव्हा तुम्ही भिंत धरत आत आलात आणि माझ्याजवळ बसलात.

“काय गं, एवढं काय फुसफुसायलीस?”

“काय न्हाय.”

“दे बगू.”

मी रुमाल तुमच्या हातात दिला. तुम्ही बोटं फिरवलीत. थांबलात. परत फिरवलीत. मग तुमचा चेहरा असा काही झाला की भाकरी थापणारी आईही बघायला लागली. गेल्या वर्षभरात तुमच्या हातात कुणी असं काही दिलं नव्हतं ज्यात बोटांना काही सापडेल. लुगडं तुमच्या बोटांना सारखंच लागायचं, तिथं सगळं काम डोळ्यांचं. इथं प्रत्येक दाणा वेगळा उभा होता.

“ह्यो फुगलाय,” तुम्ही म्हणालात. “ह्यो बसलाय. आणि हितं चारच हैत बग. बाकीच्यात पाच.”

मी मोजले. चारच होते. मला काय वाटायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मला नुसता संताप आला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, “मलाबी दाखीव की.” आई म्हणाली, “तुमी? बायकांचं काम ते.” तुम्ही म्हणालात, “आनि लुगडी कुणाची विनत हुतो मी? बापयांची?” आई हसली. खूप दिवसांनी घरात कुणी हसलं होतं, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. पण बाहेर दिसेल असं नको अशी माझी अट होती. कट्ट्यावरच्या लोकांना कळलं तर माझीच चेष्टा. म्हणून तुम्ही रोज दुपारी, मी शाळेतनं आले की, चुलीमागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचात, धूर डोळ्यांत जायचा, डोळ्यांतनं पाणी वाहायचं, आणि तुम्ही म्हणायचात, “जाऊ दे की. आता त्यास्नी दुसरं काय काम हाय?”

साखळी तुम्हाला एका बैठकीत आली. खांबाला तीन दिवस. तीस वर्षं दोरा हाताळलेला माणूस, तुम्हाला ताण शिकवावा लागला नाही, तो मला शिकायला लागला होता. पण दाण्याला येऊन तुम्ही अडकलात, आणि का ते मला कळलं नाही. आज मी दरवर्षी चाळीस मुलींना शिकवते म्हणून कळतं. डोळे असलेल्याला फास सोडला तरी दिसतो. तुमचा फास एकदा सुईवरनं सुटला की गेला. तुम्ही सुई पहिल्या खांबात घालून परत यायचात, अंगठ्यानं चाचपायचात, आणि तोवर तो आत ओढला जाऊन दोन खांब सुटलेले असायचे.

“धरून ठेवा की त्यो!” मी म्हणायची.

“कशानं धरू? दोन्ही हात गुतल्यात.”

“मला येतंय, मग तुमास्नी का येत न्हाय?”

हे मी एकदा नाही, रोज म्हणत होते. मला माझा रुमाल करायचा होता, वेळ थोडा होता आणि त्यातला अर्धा तुम्ही खात होतात. तुमच्या हातातनं मी सुई हिसकून घ्यायची, फटाफट एक दाणा करून परत द्यायची, जसं काही तुम्हाला ते दिसणार होतं. तुम्ही त्या दाण्यावर बोट ठेवायचात आणि म्हणायचात, “आता हळू कर. हळू.” मी हळू करायची नाही.

मार्ग तुम्हीच काढलात. एक दिवस मी घरी आले तर तुम्ही खराट्याची एक काडी चाकूनं घासून गुळगुळीत केली होती. फास सुईवरनं सोडायच्या आधी तुम्ही त्यात ती काडी घालायचात, मग सुई मोकळी करायचात. फास काडीवर अडकून राहायचा. सुई पहिल्या खांबात, मग काडीला लावून फास उचलायचा, ओढायचा. तुम्ही माझ्यापुढं एक दाणा केलात, दोन केलेत, तिसरा केलात. तिसरा माझ्यापेक्षा चांगला होता. माझ्या सगळ्या मुली आज काडी लावतात. कुठं शिकलात बाई, म्हणून विचारलं तर मी म्हणते, माझी मीच.

माझा रुमाल तोवर निम्म्याच्या पुढं गेला होता. तपासनीस बाई यायला आठ दिवस होते. आणि एके दुपारी रुमाल पसरून बघताना मला दिसलं की खाली, अकरा ओळींच्या मागं, एक सगळी ओळ पालथी होती. परतीची ओळ, मी सुई पुढनं घातली होती, बोलता बोलता, की डुलक्या घेत, कोण जाणे. एकतीस दाणे उलट्या बाजूला उभे आणि सुलट बाजूला एकतीस खळगे. ती काढायची म्हणजे वरच्या अकरा ओळी उसवायच्या. मी रुमाल घट्ट दाबून धरून बसले. मग पाठीमागनं अंगठ्यानं एक दाणा दाबला. तो पुढं आला. मऊच तर असतो, दाबला की येतो. मी एकतीसच्या एकतीस दाबून पुढं काढले, वर पाण्याचा हात फिरवला आणि लांब धरून पाहिलं. काही कळत नव्हतं. बाईंना दाखवला. त्याही काही बोलल्या नाहीत.

तुम्ही बोललात. संध्याकाळी रुमालावर हात फिरवताना त्या ओळीवर येऊन तुमचं बोट थांबलं, मागं गेलं, पुढं आलं.

“ही ओळ पालथी हाय गं.”

“न्हाय.”

“दाने पोकळ लागाय लागल्यात. दाबून काढल्यागत.”

“बरोबर हाय ती, आप्पा. बाईंनी बघितलीया.”

“बाईंनी डोळ्यानं बघितली असंल.” तुम्ही हसलात. “तपास एकदा.”

“तपासली,” मी म्हणाले आणि रुमाल ओढून घेतला.

चार दिवसांनी मी शाळेतनं आले. रुमाल घरी ठेवला होता, शाळेत हात लागून मळतो म्हणून. बोळाच्या तोंडाशी आले आणि बघते तर तुम्ही कट्ट्यावर बसला होता, स्वयंपाकघरात नाही, बाहेर, सगळ्या गल्लीपुढं. मांडीवर माझा रुमाल. बाजूला दोघं मागवाले बसले होते आणि तुमच्या हाताकडं बघत होते. त्यातला एक हसत होता, “आता नथबी घाला, आप्पा,” असं काहीतरी म्हणाला, आणि तुम्हीही हसत होता. पायाशी परातीत कुरळ्या दोऱ्याचा ढीग होता. पांढरा, एवढा मोठा ढीग.

मी पळत आले. तुम्ही माझी पावलं ओळखलीत.

“आलीस व्हय? बस हितं. तू घाबरू नगंस. मी सकाळधरनं बसलोय. ती ओळ काढली मी, आनि परत घातली. ही बग. म्होरलीबी धरलीया. अजून चार दिस हैत. दिसाचं मी करतो, तू आलीस की तू कर. दोघं मिळून हुतंय बग.”

तुम्ही रुमाल माझ्यापुढं धरलात. मी तो घेतला. आणि आप्पा, मी दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. सर्र सर्र ओढत गेले. तुमची सगळी ओळ आणि पुढची सुरू केलेली, सगळं उसवून परातीतल्या ढिगावर पडलं. बाई माझं काम उसवायच्या तेव्हा यायचा तोच आवाज. तुम्ही तो ओळखलात. तुमचे हात अजून तसेच पुढं होते.

“काय करालीस? चुकलंय काय कुठं?”

“सगळंच चुकलंय!” मी ओरडले. त्या दोघांच्या देखत, सगळ्या गल्लीच्या देखत. “आंधळ्या मानसानं कशाला हात लावायचा? माझं वाटोळं केलासा तुमी! तुमच्यानं काय बी हुनार न्हाय!”

आंधळं हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारलेला नव्हता. काकांचा माग आत थांबला. ते दोघं मागवाले उठून गेले, चपला घालायचाही आवाज न करता. आई बाहेर आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. तुम्ही तिला म्हणालात, “मारू नगं. लेकराचं काम हुतं त्ये.” मग उठलात, भिंत धरलीत आणि आत गेलात. तुमची काडी परातीत दोऱ्यात अडकून राहिली.

चार दिवसांत माझ्याच्यानं आठ ओळी झाल्या. रुमाल चौकोनी झाला नाही, आखूड राहिला. तपासनीस बाईंनी हातात घेतला, दोन बोटांत धरून उलगडला आणि म्हणाल्या, “टाका बरा आहे. पण हा काय आकार?” आणि बाजूला ठेवला. त्या वर्षी दुसरी मुलगी गेली. ती खांबाचाही रुमाल करत नव्हती, तिनं झालर केली होती, पण पुरी केली होती. मी घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं की आप्पांनी उसवलं म्हणून माझं राहिलं. आईला सांगितलं, काकांना सांगितलं, बाईंना सांगितलं. बाई चुकचुकल्या. पुढं लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं. सांगता सांगता मलाही ते पाठ झालं.

तुम्ही परत सुईला हात लावला नाहीत. काकांच्या धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरून द्यायला लागलात, रहाटापाशी बसून, आणि ते काम तुम्ही चांगलं करत होतात. मी शाळेतनं आले की तुम्ही विचारायचात, “जेवलीस काय?” एवढंच. वर्षभर एवढंच. मी रुसले होते म्हणून बोलत नव्हते, असं मी समजत होते. तुम्ही रुसला नव्हतात हे मला दिसत होतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

दुसऱ्या वर्षी मला घेतलं. म्हणजे काय गेलं होतं माझं? एक वर्ष. कांग्राळीच्या माणसांना तुम्हीच कळवलंत की पोरीला शिकायचंय. ते मला आईनं पुष्कळ उशिरा सांगितलं.

धारवाडला जाऊन पाच महिने झाले होते तेव्हा काकांचं पत्र आलं, तुम्हाला ताप आहे आणि उतरत नाही. आमच्या वर्गाच्या कानडी बाईंनी मला सुट्टी दिली, पण पत्र पोचायलाच तीन दिवस गेले होते. लोंढ्याला गाडी बदलायची. बेळगावकडची गाडी गेलेली होती. मी त्या फलाटावर दुपार काढली, बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत विणायचं सामान होतं आणि मी एक टाकाही घातला नाही. मनात वाक्य जुळवत होते. पोचले की काय म्हणायचं ते. चार वाक्यं होती. तीन मी विसरले. घरी पोचले तेव्हा तुम्हाला स्मशानात पोचवून सगळे परत आलेले होते, कट्टा धुतलेला होता, ओला होता.

एवढी वर्षं झाली, मग हे आजच का, ते सांगते. आज वर्गात एका मुलीच्या चुकलेल्या सुतळीवर मी ओरडले, मग तिचं रडं थांबेना, म्हणून हसवायला मी तुमची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगते. आंधळे वडील, हातात क्रोशा, लेकीचा रुमाल उसवून बसलेले, कट्ट्यावरचे लोक. मी ती अशी सांगते की मुली हसतात. आजही हसल्या. ती रडणारीही हसली. मग तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, “बाई, पन त्यांनी परत घातलंतं म्हनालासा न्हवं? ते दानं बरोबर आलतं काय?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “न्हाय गं. आंधळ्याला कसं येणार?” आणि घंटा व्हायला वेळ होता तरी वर्ग सोडला.

उद्या त्या मुलीला खरं सांगायला हवं. सांगेन असं मला वाटत नाही. तिच्यापुढं तोंड उघडलं की मी पुन्हा ओरडेन, मी स्वतःला ओळखते. आणि तुमच्याकडं हे पाठवायची सोय नाही. तुम्ही होतात तेव्हासुद्धा आलेला कागद तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावा लागायचा, आणि हा मी दुसऱ्या कुणाला वाचू देणार नाही. तेव्हा इथंच लिहून ठेवते.

मी रुमाल तुमच्या हातातनं घेतला तेव्हा लगेच ओढला नव्हता, आप्पा. आधी बघितला होता. पालथ्या ओळीच्या जागी तुमची ओळ होती, परतीची, एकतीस दाणे, सगळे सुलट बाजूला, सगळे सारखे. पुढच्या ओळीतले चौदा. मी मोजले, आणि मग दोरा ओढला.